एकाच मापाच्या काठ्या

मी त्या दिवशी बॅगेत एक काठी जास्त टाकली.

गोल्फ न खेळणाऱ्या सुखी माणसांसाठी सांगतो. या खेळात एका बॅगेत चौदा काठ्या चालतात, पंधरावी चालत नाही. पंधरावी वापरायचीही गरज नाही, ती बॅगेत नुसती उभी असली तरी गुन्हा होतो. मी मोजल्या नव्हत्या. ती पंधरावी काठी मी दुसऱ्याच्या भल्यासाठी टाकली होती, आणि तो दुसरा माणूस म्हणजे राव अण्णा. अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाकडून स्वतःचं भलं करून घेतलं नव्हतं. ते माझ्याकडून घेतील असं मला का वाटलं, याचं उत्तर माझ्या बायकोकडे आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अण्णांच्या दारावर ‘एम. जे. राव’ अशी पाटी होती. आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत सगळे त्यांना कानडीच समजत. मीही समजत होतो. आमची पहिली भेट झाली ती सोसायटीमागच्या ड्रायव्हिंग रेंजवर. रेंज म्हणजे जाळी लावलेलं मोठं पटांगण, जिथे माणसं ओळीत उभी राहून समोर चेंडू मारतात. समोर. मी मारलेला चेंडू शेजारच्या लोखंडी खांबावर आपटला आणि माझ्या कानाजवळून मागे गेला. मागे बाकावर एक सडसडीत म्हातारा फ्लास्कमधली कॉफी झाकणात ओतत बसला होता. चेंडू त्याच्या कॅनव्हासच्या बुटाशी जाऊन थांबला. मी तोंडातल्या तोंडात एक अस्सल पुणेरी शब्द उच्चारला.

म्हातारा कॉफीतून मान वर न काढता म्हणाला, “पुण्याचे काय बा?”

“तुम्ही मराठी?”

“आम्ही चारशे वर्षांपासून इथे आहोत. तुम्ही कधी आलात?”

“दोन हजार चौदाला.”

“मग तुम्हीच सांभाळून बोला. आम्हाला कळतं.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पुणेकर’ झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा सांगितलं तेव्हा “असू दे” म्हणाले.

अण्णा एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले इंजिनियर. कारखान्याच्या वसाहतीला स्वतःचं गोल्फचं मैदान होतं, पण पाणी नव्हतं. त्यामुळे चेंडू भोकात ढकलायची जी जागा जगभर हिरवळीची असते, ती तिथे वाळूत तेल कालवून, चोपून केलेली असे. ग्रीनच्या ऐवजी ब्राउन. एकाचा चेंडू जाऊन झाला की वाळूवरची रेघ फळी ओढून पुसायची, मग दुसऱ्याने मारायचा. अण्णा म्हणत, “ज्याने पायाखालची वाळू स्वतः सारवली नाही, त्याने मला गोल्फ सांगू नये.” या एका अटीवर त्यांनी सर्जापूर रोड आणि व्हाइटफील्ड धरून सगळा पूर्व बंगळूर बाद केला होता.

आता त्यांच्या काठ्यांबद्दल. आयर्न म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या. नंबर लहान तशी काठी लांब आणि चेंडू दूर जाणार. नंबर मोठा तशी काठी आखूड, चेंडू उंच जाऊन जवळ पडणार. सगळ्या दुनियेचं असं आहे. अण्णांचे आयर्न मात्र तीनपासून नऊपर्यंत एकाच लांबीचे होते, सगळे सात नंबरएवढे. फक्त पात्याचा कल वेगळा. पाती जाडजूड, बुडाला रुंद, मान मागे मोडलेली. पूर्वी कधीतरी कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर तो सेट मागे टाकून गेला होता. साहेब लोकांनी हसून नको म्हटलं, आणि साहेबांनी हसून नको म्हटलेली वस्तू अण्णांनी घरी आणली. अक्का, म्हणजे त्यांची पत्नी, त्यांना ‘झारे’ म्हणत. “झारे घेऊन निघाले बघा. बुंदी पाडून या.”

अण्णांचं शास्त्र सोपं होतं. “हे बघ पुणेकर. चांगला खेळाडू रोज खेळतो. त्याला सात लांबीच्या सात काठ्या दे, तो सात तऱ्हेने उभा राहायला शिकेल. तू शनिवारी येतोस. शनिवारी माणसाला एक तऱ्हा धड येत नाही. मग त्याला सात कशाला? एकच लांबी, एकच उभं राहणं, एकच फिरवणं. चुकलं तरी तीच चूक. ओळखीची.”

“पण अण्णा, कुणी वापरत नाही असले.”

“म्हणून तर सगळे इतके छान खेळतात.”

सगळे म्हणजे आम्ही. आमचे हँडिकॅप, म्हणजे खेळाने दयाबुद्धीने दिलेली सूट, सांगण्यासारखे नव्हते. माझी सूट एवढी होती की ती सवलत नसून पेन्शन आहे असं लोक म्हणत. अण्णांचीही काही कमी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ते काही झाकलं माणिक नव्हते. त्यांचा तीन नंबर म्हणावा तेवढा लांब जात नसे आणि नऊ नंबर म्हणावा तिथे थांबत नसे. विचारलं की म्हणत, “वारा होता.” अक्का आतून सांगत, “बंद खोलीत मारला तरी यांना वारा लागतो.”

चेंडूसमोर उभे राहिले की अण्णा सरावाचा हात कधी फिरवत नसत. नुसतं “सरी”, म्हणजे ठीक, म्हणायचे आणि मारायचे. चेंडू झाडीत गेला की “होग्ली”, म्हणजे जाऊ दे, म्हणायचे आणि चालू लागायचे. या दोन कानडी शब्दांत त्यांचं अख्खं गोल्फ मावत होतं. मी मात्र सरावाचे हात फिरवण्यात इतका रमायचो की एकदा अण्णांनी विचारलं, “यातला खरा कुठला, ते आधी सांगशील काय? मी तेवढ्यापुरता चष्मा घालतो.”

एकदा मी त्यांना एचएसआर लेआउटमधल्या एका दुकानात घेऊन गेलो. तिथे यंत्रासमोर चेंडू मारायचे. यंत्र तुमचा वेग, कोन, उंची सगळं मोजतं आणि तुमच्या अंगाला बेतलेला सेट सांगतं. मी माझा नवा सेट तिथेच बेतून घेतला होता आणि त्यावर लग्नातल्या सुटापेक्षा जास्त वेळ खर्च केला होता. अण्णांचं मतपरिवर्तन व्हावं म्हणून मी आधी स्वतः मारून दाखवलं. पडद्यावर माझ्या चेंडूंच्या रेघा उमटल्या. एक डावीकडे, दोन उजवीकडे, एक जवळजवळ छताला, असं करत पंख्याच्या पात्यांसारख्या सगळीकडे पसरल्या. मग यंत्राने त्या सगळ्यांच्या मधून एक पिवळी सरळ रेघ काढली.

दुकानातला तरुण म्हणाला, “सर, दिस इज युवर ॲव्हरेज.”

अण्णा पडद्याजवळ गेले. पिवळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “या रेघेवर याचा एक तरी चेंडू गेला काय?”

“नो सर, बट ॲव्हरेज...”

“म्हणजे जो चेंडू याने मारलाच नाही, त्याच्या मापाच्या काठ्या तुम्ही याला विकल्या.”

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. अण्णा बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, “मशीनची चूक नाही रे. ते हुशार आहे. त्याला वाटलं, तू रोज एकच माणूस असतोस.”

यावर मला नंतर आठवडाभर बाथरूममध्ये फार चांगली उत्तरं सुचली.

आता मॅच. दरवर्षी आमची सोसायटी आणि व्हाइटफील्डची एक सोसायटी यांच्यात होसूरच्या बाजूच्या नऊ होलच्या मैदानावर सामना व्हायचा. दोघादोघांच्या चार जोड्या; कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल त्या जोडीचा तो होल, आणि जास्त होल जिंकेल तिची मॅच. जोडीला एकच चेंडू, तो आळीपाळीने मारायचा. म्हणजे जोडीदाराने झाडीत घातला तर तो बाहेर काढायचं पुण्य तुमच्याकडे. त्याआधीच्या वर्षी आम्ही हरलो होतो, आणि आमचे कॅप्टन मेहता यांनी त्याचं खापर अण्णांच्या काठ्यांवर फोडलं होतं. मेहता वाईट माणूस नव्हता. कंपनीत तिमाहीचे आकडे चुकले की त्याला कारण हातात लागे, आणि जाड पात्याचे आयर्न हे लांबूनही दिसणारं कारण होतं.

मेहताने मला गाडीतळावर गाठलं. “तुम्हारी उनसे जमती है. बोलो, माझा स्पेअर सेट घ्या. नहीं तो इस साल रिझर्व में बैठें.”

“रिझर्व्ह म्हणजे?”

“मतलब चीअरिंग.”

तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. मी त्याऐवजी “करतो मॅनेज” म्हणालो. आयटीतल्या माणसाच्या तोंडातून हे वाक्य शिंकेसारखं येतं.

अण्णांच्या घरी गेलो तेव्हा ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नऊ नंबरची मूठ बदलत होते. अक्का कोडबळे तळत होत्या. खऱ्या झाऱ्याने. मी आधी हवापाण्याचं बोललो, मग ट्रॅफिकचं, मग मेहताचं. शेवटी सेटचं.

अण्णांनी हातातली पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही. “रिझर्व म्हणाला?”

“तसंच नाही, पण...”

“म्हणाला की नाही?”

“म्हणाला.”

अक्कांनी गॅस बारीक केला. त्या घरात ही गोष्ट मी प्रथमच पाहत होतो.

“हे बघ पुणेकर,” अण्णा म्हणाले, “मुलाने सांगितलं, बसवनगुडीचं घर लांब पडतं, इथे या. आलो. कार चालवू नका म्हणाला. चावी दिली. माझी वेताची खुर्ची लिफ्टमध्ये मावली नाही, तिच्या जागी ही ढकलखुर्ची आली, बटण दाबलं की पाय वर करते. बसतो. कॉफीचं फिल्टर गेलं, मशीन आलं. पितो. सगळं चांगल्यासाठीच, सरी. पण चेंडूसमोर मी उभा राहतो ना, तेव्हा हे हात कुणाला विचारत नाहीत. त्यांना ठाऊक असतं, काठी केवढी आहे. तेवढं एकच आता ठाऊक असलेलं उरलंय. ते मेहताला देऊ?”

मी कोडबळं तोंडात घातलं. बोलावं लागू नये म्हणून खाण्याची माझी जुनी युक्ती आहे, वजन त्यातूनच आलं.

“त्याला सांग, काठ्या येतील तर मी येईन. काठ्या नसतील तर मी नाही. आणि मी येणार आहे.”

“पण नऊ नंबर कंपाउंडबाहेर जातो, तेही सांगा त्याला,” अक्का म्हणाल्या.

“वारा होता,” अण्णा म्हणाले.

मेहता वैतागला, पण ऐनवेळी एक खेळाडू कंपनीच्या कामाला सिंगापूरला गेला आणि अण्णांशिवाय आठ होईनात. अण्णांबरोबर कुणी जोडी करेना. माझ्याबरोबरही कुणी करेना. असं आमचं जमलं. मेहताने जाता जाता अण्णांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हरलो तर हे आयर्न परत टीममध्ये दिसणार नाहीत.” अण्णा म्हणाले, “लिहून ठेव. आणि जिंकलो तर तूही असाच सेट घे.”

आणि इथे माझी हुशारी सुरू होते. मी मनाशी म्हटलं, म्हातारा हट्टी आहे, पण अडला तर ऐकेल. लांबच्या फटक्याला त्यांचा तीन नंबर कमी पडणारच. तेव्हा आपण अलगद एक नवी, हलकी, आधुनिक काठी पुढे करायची, ते घेतील, फटका मस्त बसेल, मान राहील, मॅच राहील, माझंही नाव होईल. मेहताच्या सेटमधली एक काठी मी माझ्या बॅगेत सरकवली. माझ्या बॅगेत आधीच पूर्ण चौदा होत्या, कारण दुकानदाराने चौदा विकल्या होत्या.

पहिला होल आम्ही चक्क जिंकलो. मी चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला, अण्णांनी “सरी” म्हणून रुंद बुडाच्या पात्याने तो असा उचलला की वाळूला कळलं नाही. ब्राउनवरची वर्षं होती ती. दुसरा होल बरोबरीत. तिसऱ्याकडे जाताना समोरच्या जोडीतल्या पद्मिनी मॅडम माझ्या ट्रॉलीमागून चालत होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, “तुमच्या बॅगेत दोन काठ्यांना सारखीच टोपी कशी?”

मी अभिमानाने सांगितलं, “एक्स्ट्रा आहे. अण्णांसाठी.”

त्या थांबल्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली. मीही मोजायला लागलो, आणि दहाच्या पुढे माझा आवाज बारीक होत गेला.

नियम असा की जेवढे होल जास्तीची काठी घेऊन खेळलात तेवढे होल वजा, जास्तीत जास्त दोन. आम्ही एकने पुढे होतो, ते एकने मागे गेलो. चेंडूला हात न लावता.

अण्णा लांब उभे होते. जवळ आले, पंधरावी काठी बाहेर काढून उलटसुलट पाहिली. “ही माझ्यासाठी?”

“हो. वाटलं, लांबच्या फटक्याला...”

“आणि मी ती घेतली असती तर? तुझ्या बॅगेतली काठी मी वापरायची तर दोघांच्या मिळून चौदाच चालतात. म्हणजे आणखी दंड.” त्यांनी काठी ट्रॉलीवर आडवी टाकली. “तू कंपनीत सेफ्टीत नाहीस ना?”

“टेस्टिंगमध्ये आहे.”

“शिवा शिवा.”

एवढंच. पुढचे होल ते माझ्यावर चिडतील म्हणून मी वाट पाहत राहिलो, पण त्यांना वेळ नव्हता. ते खेळत होते. आपल्या जोडीचा खेळ आटपून मेहता आमच्याबरोबर चालायला आला होता. चार जोड्यांत आमच्या दोन जिंकल्या, एक हरली, कप आमच्यावर अडला होता. शेवटच्या होलला आम्ही अजून एकने मागे. हा होल जिंकला तर आमची जोडी बरोबरीत सुटणार, आणि तेवढ्याने कप येणार.

पहिला फटका माझा. निलगिरीच्या झाडांत, अर्थातच.

चेंडू फांद्यांखाली पडला होता. मेहता हळूच म्हणाला, “अंकल, बाजूला काढा फक्त. आडवा काढा.” अण्णांनी तीन नंबर उपसला. तोच, जो म्हणावा तेवढा लांब जात नाही आणि उंचही जात नाही. “सरी,” म्हणाले. चेंडू फांद्यांखालून, गवताला जवळजवळ घासत, मांजर स्वयंपाकघरातून निघावं तसा निघाला आणि पळत पळत ग्रीनच्या कडेला जाऊन बसला. त्या जागी उंच उडणारी काठी असती तर चेंडू आजही झाडावर असता. मेहताने टाळी वाजवायला हात वर केले आणि मग ते खिशात घातले.

आता मला एवढंच करायचं होतं, की चेंडू भोकाजवळ नेऊन ठेवायचा. मी तो भोकाच्या पलीकडे नेला. अण्णांनी परत आणला, अगदी हातभर अंतरावर. हातभर अंतरावरून मी तो भोकाच्या कडेने फिरवून बाहेर काढला. पद्मिनी मॅडमनी “ओह” केलं, त्यात खरं दुःख होतं. समोरच्यांनाही तेवढेच फटके लागले होते, होल बरोबरीत सुटला. मॅच एकने गेली, जोड्या दोन-दोन झाल्या, आणि बरोबरीत कप आदल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहतो म्हणून तो व्हाइटफील्डला राहिला.

मेहता आमच्याकडे आला. मी अपराध्यासारखा उभा होतो. अण्णांनी तीन नंबर पुसून बॅगेत ठेवला आणि विचारलं, “बोल कॅप्टन. कुठली काठी टीममध्ये परत दिसायची नाही?”

मेहताने माझ्या ट्रॉलीवरून स्वतःची ती नवी काठी उचलली आणि म्हणाला, “ही.” पुढे माझ्याकडे बघून म्हणाला, “अंकल नेक्स्ट इयर पक्के. काठ्यांसकट. तुम चीअरिंग.”

पुढच्या वर्षी अण्णा पक्के होते, पण त्यांचा खांदा नव्हता. डॉक्टरांनी पूर्ण हात फिरवायला मनाई केली. मुलीने मैसूरला बोलावलं, आणि जायचं ठरलं. सामान बांधायच्या दिवसांत मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोसायटीच्या मधल्या हिरवळीवर. त्यांनी सात नंबर उलटा धरला होता. पातं तळहातात, मूठ जमिनीवर, काठी टेकत फेऱ्या मारत होते. अक्का बाकावर बसल्या होत्या.

वॉचमन धावत आला. “सर, गोल्फ नॉट अलाउड हिअर.”

“इदु कोलप्पा,” अण्णा म्हणाले. ही काठी आहे बाबा. खांदा दाखवला, टेकून चार पावलं चालून दाखवली. वॉचमन ओशाळून गेटकडे वळला. त्याची पाठ फिरताच अण्णांनी काठी सुलटी केली, खिशातून चेंडू काढून गवतावर टाकला, “सरी” म्हणाले आणि नुसत्या मनगटाने तो समोरच्या जास्वंदीच्या कुंडीत नेऊन बसवला.

“डॉक्टर हात फिरवू नको म्हणाले,” मला म्हणाले. “मनगटाचं बोलले नाहीत.”

“कुठल्या नंबरने चालता रोज?”

“हाताला येईल त्याने. सगळ्या एकाच मापाच्या. कुणाच्या सेटला हे जमतं, सांग.”

मला वाटलं, हीच वेळ. एवढ्या दिवसांत मी त्यांना सरळ विचारलंच नव्हतं. माझा बेतलेला सेट घरी कपाटामागे पडला होता आणि मी मनातून कधीच शरण गेलो होतो.

“अण्णा, खरं सांगा. माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूला असे आयर्न चालतील?”

त्यांनी सात नंबर माझ्या हातात दिला आणि दुसरा चेंडू टाकला. मी पाय जुळवले, सरावाचा हात फिरवला, आणखी एक फिरवला, कुंडीवर नेम धरला आणि मारलं. चेंडू क्लब हाउसच्या पायरीवर आपटला आणि माझ्या कानाजवळून मागे गेला. अक्कांनी पाय उचलून घेतले. चेंडू बाकाखालून घरंगळत गेला.

अण्णांनी माझ्या हातातून काठी काढून घेतली, पातं तळहातात धरलं आणि लिफ्टच्या दिशेने चालू लागले.

“तुला चालतील की,” जाता जाता म्हणाले. “त्यांना तू चालणार नाहीस.”